एक तार, अनेक श्रोते : संगणकीय रेडिओ-श्रवणकेंद्राचा पाठ

इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक आकडा लक्षात ठेवण्यास सांगतो : ४२.३४ मीटर. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला, तो या तरंगलांबीवर. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली आणि तो आवाज थांबला. प्रकाशाच्या वेगाला ४२.३४ ने भागले, तर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ ही वारंवारिता मिळते. आज भारतात ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानाधारक हौशी रेडिओचालक वापरतात. त्या पट्ट्यावर कान ठेवणारे केंद्र दुसरबीडसारख्या गावातील शाळेतही उभे राहू शकते. ते कसे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम माझा या विषयाशी संबंध काय, ते सांगतो. माझ्या बालपणी आमच्या गावात रेडिओ एकाच वाड्यात होता. बातम्यांच्या वेळी माझे वडील वाड्याच्या ओट्याखाली उभे राहून ऐकत. आवाज अंगणापर्यंत येई. परंतु कोणते केंद्र लावावयाचे आणि केव्हा बंद करावयाचे, हे ठरवणारे बटण दुसऱ्याच्या हाती असे. नव्या तंत्राने नेमका हाच प्रश्न सोडवला आहे.

जुना रेडिओ एका वेळी एकच केंद्र निवडतो. संगणकीय रेडिओ मात्र एक संपूर्ण पट्टाच अंकांत रूपांतरित करतो. अँटेनावर आलेल्या लहरींची मोजणी सेकंदाला लक्षावधी वेळा होते आणि त्या अंकांतून हवे ते केंद्र वेगळे काढण्याचे काम गणित करते. अंकांची प्रत कितीही जणांना देता येते. म्हणून एकाच तारेवर एक श्रोता ७.०५ वर, तर दुसरा ७.१५ वर ऐकू शकतो; कोणालाही दुसऱ्याची परवानगी लागत नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे असे केंद्र २००८ साली सुरू झाले. जगातील कोणीही ब्राउझर उघडून तेथील अँटेना ऐकू शकतो.

उभारणीचे टप्पे असे :

१. अँटेना. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्धतरंगी अँटेनाची एकूण लांबी साधारण २० मीटर, म्हणजे तांब्याच्या तारेच्या दहा-दहा मीटरच्या दोन भुजा. मधला भाग उंच खांबावर व टोके खाली उतरती बांधावीत. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांची खरखर लहरींत मिसळते. म्हणून खांब इमारतीपासून दूर असावा. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरातही अशा गोंगाटावर नियंत्रण ठेवावे लागते. या बाबतीत शहरापेक्षा खेड्याची शांतता अधिक उपयोगी.

२. ग्राहक यंत्र. बोटाएवढे आरटीएल-एसडीआर यंत्र सर्वांत स्वस्त. मात्र त्याचा सर्वसाधारण पल्ला सुमारे २४ मेगाहर्ट्झच्या वर सुरू होतो. लघुलहरींसाठी वारंवारिता वर नेणारे जोडयंत्र किंवा ती सोय अंगभूत असलेला प्रकार घ्यावा. किवी-एसडीआर महाग आहे, पण १० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ ऐकते आणि त्यात सर्व्हरही असतो.

३. संगणक. स्वस्त यंत्रासोबत रास्पबेरी पाय हा लहान संगणक, त्यावर लिनक्स आणि ‘ओपनवेबआरएक्स’ ही मोफत प्रणाली पुरते. प्रणालीत मध्यवर्ती वारंवारिता व पट्ट्याची रुंदी भरावी. प्रथम शाळेच्याच वाय-फायवर, संगणकाचा पत्ता व ८०७३ हे पोर्ट लिहून ऐकून पाहावे. पडद्यावर धबधब्यासारखे चित्र सरकते. त्यातील प्रत्येक उजळ रेघ म्हणजे एक आवाज.

४. बाहेरची वाट. जगाला ऐकू यावे म्हणून राउटरमध्ये हे पोर्ट खुले करावे लागते. अनेक सेवादाते एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. तेव्हा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा किंवा मध्यस्थ सर्व्हरची वाट घ्यावी. येथे डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग महत्त्वाचा. व्यवस्थापकाचा मूळ पासवर्ड आधीच बदलावा आणि श्रोत्यांची संख्या मर्यादित ठेवावी.

५. सुरक्षा. खांबाला भूसंपर्क व केबलला तडित-रोधक हवाच. मृगाच्या विजा चमकू लागल्या, की केबल इमारतीबाहेरच सोडवावी. वीजवाहक तारांजवळ अँटेना कदापि बांधू नये.

नियमाचेही भान हवे. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो. आपले केंद्र केवळ ऐकणारे असले, तरी उभारणीपूर्वी लागू नियम तपासावेत. सार्वजनिक प्रसारण आणि हौशी रेडिओ यांच्यापुरतेच ते मर्यादित ठेवावे. दुसऱ्यांचे खासगी वा शासकीय संदेश ऐकणे हा अभ्यास नव्हे.

अशा केंद्रातून मुले काय शिकतील? दिवसा जवळचे आणि रात्री दूरचे आवाज का येतात, याची नोंद त्यांनी महिनाभर वहीत ठेवली, तर वातावरणाच्या आयनांबराचा धडा पाठ करावा लागणार नाही. तारेची लांबी मोजताना गणित येईल, केंद्र ओळखताना भूगोल येईल आणि ७.०८ वर थांबताना १९४२ आठवेल.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वायरमन आहेत, कोणी नेटवर्कचे काम करतात, कोणी शिक्षक आहेत. प्रत्येकाने एक रविवार दिला, तर ही उभारणी अवघड नाही. केंद्र सुरू होईल त्या दिवशी पहिले बटण पाहुण्याच्या नव्हे, वसतिगृहातील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.