रिकाम्या पेटीतला संगणक

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ हे अमेरिकेतील हौशी यंत्रप्रेमींचे मासिक. त्याच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर दिवे आणि खटके असलेल्या एका पेटीचे चित्र होते. घरी जोडता येईल असा हा संगणक, असे आत लिहिले होते. गंमत अशी की चित्रातली पेटी आतून रिकामी होती! खरा संगणक आल्बुकर्कीहून न्यूयॉर्कला पाठवला होता, पण तो वाटेतच हरवला. वेळ थोडा उरला होता, म्हणून नुसत्या पेटीचे छायाचित्र छापावे लागले.

हा संगणक तयार करणारे गृहस्थ होते एड रॉबर्ट्‌स. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर सुमारे ३ लाख डॉलरचे कर्ज होते.

डॉक्टर व्हायचे होते, पण…

रॉबर्ट्‌स यांचा जन्म १९४१ साली मायामी शहरात झाला. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पण शिक्षण वळले विद्युत अभियांत्रिकीकडे. पुढे ते अमेरिकेच्या हवाई दलात गेले. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की येथे नेमणूक असताना १९६९ साली त्यांनी मित्रांसह ‘मिट्‌स’ ही छोटी कंपनी काढली. हौशी लोक उडवतात त्या लहान अग्निबाणांसाठी दूरमापनाची उपकरणे ती विकत असे.

१९७१ पासून मिट्‌सने आकडेमोडीच्या यंत्रांचे, म्हणजे कॅलक्युलेटरचे, संच विकले. धंदा चांगला चालला. मग मोठ्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या, किमती कोसळल्या आणि १९७४ पर्यंत मिट्‌स कर्जात बुडाली.

दुसरा कोणी असता तर दुकान बंद करता. रॉबर्ट्‌स यांनी मात्र आणखी कर्ज काढले आणि संगणक करायला घेतला.

स्वतःचा संगणक

हे धाडस का केले? त्या काळी संगणक विद्यापीठे, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांच्याकडेच असत. गणित सोडवायचे तर पुष्कळदा छिद्रे पाडलेली कार्डे खिडकीवर द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. संगणक स्वतःच्या मालकीचा असावा, त्याच्यासमोर हवा तितका वेळ बसता यावे, ही ओढ अनेकांना होती. खुद्द रॉबर्ट्‌स यांनाही होती. आपल्याला जे हवे ते इतरांनाही हवे असणार, हा त्यांचा साधा हिशेब.

१९७४ मध्ये इंटेल कंपनीची ‘८०८०’ ही चिप बाजारात आली. संगणकाचे आकडेमोड करणारे सगळे अंग या नखाएवढ्या तुकड्यात मावले होते. तिची किंमत होती ३६० डॉलर. रॉबर्ट्‌स यांनी घाऊक खरेदीची बोलणी करून ती ७५ डॉलरला मिळवली. त्यामुळे संपूर्ण संच ४०० डॉलरच्या आत देता आला. त्याचे नाव ‘अल्टेअर ८८००’. अल्टेअर हे एका ताऱ्याचे नाव आहे. आपल्या श्रवण नक्षत्रातला तो सर्वांत ठळक तारा.

खटक्यांची भाषा

या संगणकाला पडदा नव्हता, अक्षरांच्या कळाही नव्हत्या. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. आठ खटक्यांनी एक संख्या सांगायची. उजवीकडून पहिल्या खटक्याची किंमत १, पुढे २, ४, ८ अशी दुप्पट होत शेवटच्याची १२८. म्हणून २ म्हणजे ००००००१०, आणि ३ म्हणजे ००००००११. दोहोंची बेरीज ०००००१०१, म्हणजे ५. उत्तर दिव्यांच्या उघडझापेवरून वाचायचे!

अशा एका आठ-खटकी संख्येला ‘बाइट’ म्हणतात. मूळ संचात अवघ्या २५६ बाइटची स्मृती होती. आजच्या प्रचलित पद्धतीत एक देवनागरी चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात; म्हणजे त्या स्मृतीत फक्त ८५ चिन्हे मावली असती. वीज गेली की तेही पुसले जाई.

तरीही मागणी धो धो आली. काहीशे संच खपतील अशी अपेक्षा होती. काही महिन्यांतच हजारोंची मागणी नोंदली गेली. संच वेळेवर पोहोचत नसत, जादा स्मृतीचे फलक नीट चालत नसत, तरी लोक चिकाटीने डाख देऊन ते जोडत.

बिल गेट्‌स आणि पॉल ॲलन हे अनुक्रमे १९ आणि २२ वर्षांचे तरुण. त्यांनी अल्टेअर न पाहताच, हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर त्याची नक्कल करून, ‘बेसिक’ ही सोपी भाषा त्याच्यासाठी तयार केली. ॲलन ती घेऊन आल्बुकर्कीला गेले. २ + २ किती, असे विचारताच यंत्राने ४ हे उत्तर दिले. मायक्रोसॉफ्ट कंपनीची सुरुवात १९७५ साली तेथेच झाली.

पुन्हा पहिल्या वाटेवर

१९७७ साली रॉबर्ट्‌स यांनी मिट्‌स विकली आणि जॉर्जिया राज्यात शेती घेतली. संगणकाचा धंदा तेव्हा भरभराटीला लागला होता. पण त्यांना मुलपणीची इच्छा आठवत होती. चाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले, १९८६ साली पदवी घेतली आणि कॉक्रन या छोट्या गावात रुग्ण तपासू लागले. २०१० साली ते आजारी असताना गेट्‌स त्यांना भेटायला गेले होते. त्याच वर्षी १ एप्रिलला डॉक्टर रॉबर्ट्‌स वारले.

करून पाहा : आठ बटणे ओळीत मांडा. पालथे बटण म्हणजे ०, उताणे म्हणजे १. आता ०००१०११० ही संख्या वाचा. सर्व बटणे उताणी केली तर कोणती संख्या मिळेल?

(उत्तरे : २२, २५५)