बी अम्मांचे दागिने

मुलावर खरे संस्कार घरातील स्त्रिया करतात, हे वाक्य आपण सभासमारंभांतून इतक्या वेळा ऐकतो, की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणाला सुचत नाही. संस्कार म्हणजे नेमके काय? शुभंकरोति किंवा कलमा पाठ करून घेणे, वडीलधाऱ्यांना नमस्कार-सलाम करावयास लावणे, एवढेच असेल तर ते काम शाळेतही भागते. पाठांतर कसे करून घ्यावे, हे आम्हां मास्तरांना चांगले ठाऊक असते. परंतु मूल ऐकते थोडे आणि पाहते फार. आपल्या आईने, आजीने किंवा वहिनीने एखाद्या अवघड प्रसंगी काय पत्करले आणि काय सोडले, हे ते मुकाट्याने पाहत असते, आणि मोठेपणी तसाच प्रसंग त्याच्यावर आला म्हणजे ते पाहिलेले उपयोगी पडते. हे म्हणणे पटावे म्हणून एका आईची हकीकत येथे थोडी विस्ताराने देतो. तिचा आपल्या बेळगावाशीही एक धागा जुळतो.

मौलाना शौकत अली आणि मौलाना महंमद अली हे अलीबंधू म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची आई आबादी बानो बेगम. लोक त्यांना बी अम्मा म्हणत. त्यांचे यजमान अब्दुल अली खान हे उत्तरेकडील रामपूर संस्थानात अधिकारी होते. १८८० च्या सुमारास त्यांना ऐन तारुण्यात मृत्यू आला. शौकत त्या वेळी सात वर्षांचा होता आणि महंमद दोन वर्षांचाही नव्हता. पाच मुलगे आणि एक मुलगी पदरात घेऊन ही तरुण विधवा उरली. तिने पुन्हा निका केला नाही.

इस्टेटीची व्यवस्था मुलांच्या चुलत्यांकडे होती. मुलांना इंग्रजी शाळेत घालावे असे आईच्या मनात आले, आणि चुलत्यांनी साफ नकार दिला. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. इंग्रजी शिकलेला मुलगा धर्मातून गेला, अशी समजूत तेव्हा कितीतरी प्रतिष्ठित मुसलमान घरांतून होती, आणि हिंदू घरेही तिला अगदीच अपवाद नव्हती. तेव्हा चुलते दुष्ट होते असे कोणी समजू नये. त्यांच्या परीने ते पुतण्यांचे भलेच पाहत होते. पण पैसा त्यांच्या हाती होता आणि या बाईच्या हाती फक्त अंगावरचे दागिने होते. ते तिने गुपचूप सावकाराकडे गहाण टाकले आणि मुलाला बरेलीच्या इंग्रजी शाळेत पाठविले. पुढे चुलत्यांचाही विरोध मावळला. बरेलीहून अलीगढ, आणि धाकटा महंमद तर १८९८ मध्ये ऑक्सफर्डला गेला. आय. सी. एस. च्या परीक्षेत त्याला यश आले नाही. परत आल्यावर काही वर्षे त्याने सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात नोकरी केली. ती सोडून १९११ साली कलकत्त्यास ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले.

या सर्व शिक्षणाचे मूळ असलेल्या आईला स्वतःला मात्र लिहिणे-वाचणे जेमतेमच येत होते. महंमद अलींनी तुरुंगात असताना ‘माय लाइफ : ए फ्रॅगमेंट’ हे आत्मचरित्र लिहावयास घेतले. आपण नाना तऱ्हेची माणसे पाहिली, पण आईहून शहाणे माणूस पाहिले नाही, अशा अर्थाचे त्यांनी त्यात म्हटले आहे. ऑक्सफर्डच्या पदवीधराचा हा अभिप्राय भाबड्या मातृभक्तीचा म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यांनी ज्याला शहाणपण म्हटले ते दागिन्यांच्या गोष्टीत दिसते. घर मोडावयाचे नाही, थोरांशी भांडण मांडावयाचे नाही, आणि तरीही आपल्याला जे योग्य वाटते ते स्वतःच्या खर्चाने करावयाचे.

याची कसोटी पुढे लागली. १९१५ साली सरकारने दोघा भावांना स्थानबद्ध केले आणि त्याच वर्षी छिंदवाड्यास नेऊन ठेवले. म्हातारी आई तेथे त्यांच्याबरोबर राहावयास गेली. १९१७ मध्ये सुटकेसाठी एका हमीपत्रावर सह्या कराव्यात अशी सूचना सरकारकडून आली. त्या वेळी बी अम्मांनी पडद्याआडून जे सुनावले ते प्रसिद्ध आहे. धर्माला आणि देशाला बाध येईल अशा कागदावर मुलगे सही करणार असतील, तर त्यांचे गळे आवळण्याइतके बळ अल्ला माझ्या या म्हाताऱ्या हातांना देईल, असे त्या म्हणाल्या, अशी हकीकत सांगतात. बोलणे कठोर खरे. पण ते बोलण्याचा अधिकार त्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच मिळविला होता. भाऊ सुटले ते १९१९ च्या अखेरीस.

त्यानंतर या वृद्धेने घर सोडले असे म्हणावयास हरकत नाही. १९२१ साली कराचीच्या खटल्यात दोघा मुलांना दोन-दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. महंमद अली काही काळ आपल्या जवळच्याच विजापूरच्या तुरुंगात होते. मुले आत असताना आई गावोगाव फिरून खादी, हिंदु-मुस्लिम ऐक्य आणि खिलाफत यांवर व्याख्याने देत होती. जन्मभर पडदा पाळलेल्या या बाईने पंजाबातील एका सभेत तोंडावरचा बुरखा वर केला. समोर सगळी आपलीच मुले आहेत, त्यांच्यापुढे पडदा कसला, असा त्यांचा सवाल होता.

१९२४ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत रद्द केली. ज्या कार्यासाठी या घराने इतके सोसले ते असे परस्पर संपले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीस बी अम्मा वारल्या. पुढच्याच महिन्यात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. मावळते अध्यक्ष महंमद अली होते, आणि त्यांच्यानंतर अध्यक्षपद गांधीजींकडे आले. टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीवरून आपण नेहमी जातो. तेथे गांधीजींची आठवण होते. त्या मावळत्या अध्यक्षाच्या घरी तेव्हा महिना-दीड महिन्याचे दुःख होते, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आईच्या शिकवणीने मुलगा जन्मभर एकाच मार्गाने चालतो असे मात्र नाही. १९२८ च्या नेहरू अहवालानंतर अलीबंधू काँग्रेसपासून दुरावले. त्याचे श्रेय किंवा दोष मी बी अम्मांना देणार नाही. मुलगा शेवटी आपल्या विचाराने चालतो. कधी तो आईच्या पुढेही जातो, आणि याचे उदाहरण आपल्या मराठीतच आहे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. (दोन मुलगे, दोन तुरुंग, आणि दोघांनाही तेथे आई आठवली, हा योगायोग मला फार दिवस विचारात पाडीत आहे.) त्या पुस्तकात एका म्हातारीची लाकडांची मोळी पडल्याचा प्रसंग आहे. म्हातारी अस्पृश्य मानलेल्या जातीची, म्हणून कोणी हात लावीना. आईने श्यामला सांगितले, जा, मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन अंघोळ कर. वर्गात हा प्रसंग वाचून झाला की मुले ‘मोळी उचल’ एवढेच लक्षात ठेवतात. मी त्यांना अंघोळीबद्दल विचारतो. त्या माउलीची दया मोठी होती, तरी रूढी तिला पुरती ओलांडता आली नाही. मुलाने ती ओलांडली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले. आईने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक त्यांनी जन्मभर जपली आणि दुसरी टाकून दिली. मातेचे ऋण फेडणे म्हणतात ते असेही असते.

आता एक शाळेतली गोष्ट. प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीसाठी रेघ असते. तीवर बहुतेक वडिलांचीच सही येते. तिला माझी हरकत नाही. पण कधी वडील गावाला गेलेले असतात आणि आई शाळेत येते. मुलगा गणितात मागे का पडला, रात्री किती वाजता निजतो, कोणाच्या संगतीत असतो, हे सगळे ती मला अचूक सांगते. मग पुढे काय करावयाचे असे विचारले, की म्हणते, ‘‘यांना विचारून कळवते, सर. मला त्यातलं काय समजतं!’’ मुलगा शेजारी उभा असतो. आईची धाकटी मुलगीही पुष्कळदा बोट धरून आलेली असते. दोघेही ऐकत असतात.