ताडोबातला फोटो भिंतीवर लावायचा तर खर्च किती?

चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या छायाचित्रकाराला बारा बाय अठराच्या प्रिंटचा भाव परवडतो. त्याचा खिसा रिकामा होतो तो काळपट आलेली प्रिंट पुन्हा काढण्यात, नागपूरच्या दुसऱ्या फेरीत आणि पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या फोटोत. हे तिन्ही खर्च टाळता येतात. खालचे रुपयांचे आकडे हिशेब मांडण्यापुरते धरलेले आहेत. त्या जागी तुमच्या लॅबचा आजचा दर घाला.

गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. एसटीने जाऊन-येऊन सहाशे रुपये धरू (2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, तेव्हा त्यांनी तीनशे धरावेत). प्रिंट 120 रुपयांची. वीस प्रिंट काढल्या तर 2400 रुपये होतात. त्यातल्या सहा काळ्या आल्या, तर 720 रुपये छपाईचे आणि 600 फेरीचे, असे 1320 रुपये हकनाक गेले. दिवस मोडला तो वेगळाच.

यावर उपाय एका प्रिंटच्या पैशात होतो. बारा बाय अठराच्या कागदावर चार बाय सहाचे बरोबर नऊ तुकडे बसतात. तीन फोटो निवडा: एक भर उन्हातला, एक बांबूच्या सावलीतला, एक सांजवेळचा. प्रत्येकाच्या कमी, मध्यम आणि जास्त उजेडाच्या तीन प्रती करून नऊही एकाच कागदावर मांडा. लॅबला सांगा, ‘करेक्शन लावू नका, फाइल आहे तशीच काढा.’ हा कागद कुरिअरने मागवला तरी सगळे मिळून दोनशेच्या आसपास जातात. त्यातली जी प्रत दिवसाच्या उजेडात नीट दिसेल, तेवढाच उजेड बाकीच्या फोटोंना द्या. मोठी ऑर्डर त्यानंतरच. लॅब बदलली की ही चाचणी नव्याने करायची.

प्रिंट काळी येते त्याचे मुख्य कारण बहुधा आपल्याच टेबलावर असते. स्क्रीनचा उजेड शंभर टक्के ठेवून एडिटिंग केले की फोटो उजळ वाटतो आणि आपण तो आणखी गडद करतो. उजेड निम्म्यावर आणा. शेजारी पांढरा कागद धरून पाहा. स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदापेक्षा झगझगीत दिसायला नको. रंग तपासणारे कॅलिब्रेटर यंत्र पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते. एकट्याने घेण्यासारखे ते नाही, पण गावातल्या सात-आठ जणांनी मिळून जरूर घ्यावे, कारण ते महिन्यातून एकदाच लागते.

सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याआधी डार्कटेबल आणि रॉथेरपी वापरून पाहा. दोन्ही मोफत आहेत आणि रॉ फाइल उघडतात. लाइटरूमचे भाडे दर महिन्याला चालूच राहते. लग्नाचे काम करणाऱ्याला ते वसूल होते, वर्षातून चार सफारी करणाऱ्याला नाही. फाइल लॅबला देताना एसआरजीबी रंगात जेपेग द्या. अॅडोबी आरजीबीतली फाइल साध्या लॅबमध्ये गेली तर वाघाचा केशरी रंग मातकट येतो. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर तो आक्रसतो. भामरागडसारख्या ठिकाणी नेटवर्कची वाट पाहत बसण्यापेक्षा पेनड्राइव्ह कुणाच्या तरी हाती देणे बरे. सिरोंचाकरांना नागपूरपेक्षा तेलंगणातले मंचेरियाल जवळ पडते. तिथलेही भाव विचारून ठेवावेत.

आता आकार. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा असतो. बारा बाय अठराला इंचाला 300 ठिपक्यांनी 5400 बाय 3600 लागतात, म्हणजे अख्खा फोटो आरामात बसतो. पण वाघ पाणवठ्याच्या पलीकडे होता म्हणून तुम्ही निम्म्या रुंदीपर्यंत क्रॉप केले, तर उरतात 3000 बाय 2000. त्याच आकारात इंचाला 167 ठिपके पडतात. चार-पाच फुटांवरून पाहायला तेवढे चालतात. तोच फोटो वीस बाय तीसला नेलात तर 100 उरतात आणि मिशा विरघळतात. तिथे पैसे घालू नका.

स्वतःचा सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर घ्यावा का? यंत्र 30,000 रुपयांचे, एफोर कागद आणि शाई मिळून 25 रुपये, बाहेरचा दर 60 धरा. प्रिंटमागे 35 रुपये वाचतात, म्हणजे यंत्राची किंमत सुटायला साडेआठशेहून जास्त प्रिंट काढाव्या लागतात. अहेरी किंवा कुरखेड्यात पासपोर्ट फोटोचे दुकान चालवणाऱ्याने तो घ्यावाच. हौशी माणसाने घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांतल्या इथल्या कोरड्या उन्हाळ्यात यंत्र पडून राहिले की हेडमध्ये शाई सुकते, आणि ती साफ करण्यात पुन्हा शाईच जाते. घेतलाच तर आठवड्याला एक रंगीत पान काढा.

फ्लेक्स स्वस्त असतो, पण तो रिसॉर्टच्या फाटकावर शोभतो. घरात लॅबचा फोटोपेपर लावा आणि त्यावर थेट ऊन येऊ देऊ नका.

फ्रेमवाला पट्टीचा भाव रनिंग फुटावर लावतो. बारा बाय अठराच्या प्रिंटला चारी बाजूंनी दोन इंच माउंट धरला तर बाहेरचे माप सोळा बाय बावीस होते. घेर सव्वासहा फुटांच्या वर जातो आणि कोपऱ्यांची काप धरून सात फूट लागतात. साठ रुपये फुटाने 420 रुपये झाले. काच, माउंट आणि मागचा बोर्ड वेगळा. पैसे वाचवायला माउंट गाळू नका. तो फोटोला काचेपासून लांब ठेवतो आणि आपल्या पावसाळ्यात प्रिंट वाचते ती त्यामुळेच. बल्लारशा आणि आलापल्लीचा साग घराजवळचा, म्हणून सागवानी पट्टीचा मोह होतो. ती गाभ्याचीच मागा, कारण सागाचा पांढरा भाग वाळवी खाते. मागे हार्डबोर्डऐवजी सनबोर्ड लावून घ्या.

भाव ठरवताना करेक्शन, लॅमिनेशन, जीएसटी आणि कुरिअर धरून एकच रक्कम लिहून मागा. लॅबच्या चुकीने प्रिंट बिघडली तर पुन्हा फुकट काढून देणार का, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. ताडोबाचा गाभा भाग 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो आणि तेव्हा लग्नांची गर्दीही नसते. एडिटिंग आणि छपाई याच दिवसांत उरका. प्रिंट कोरड्या जागी सपाट ठेवा आणि फ्रेम दसऱ्यानंतर, हवेतली ओल उतरल्यावर करून घ्या.