मालवाहू विमानांचे कार्य

विमानदलाचा इतिहास सांगू लागले म्हणजे लेखणी साहजिकच लढाऊ विमानांकडे वळते. नॅट, हंटर, मिग ही नावे वर्तमानपत्रांनी घरोघरी पोहोचविली. डाकोटाचे नाव तितकेसे कोणाच्या ओठी नाही. तथापि भारतीय विमानदलाचे युद्धातील व शांततेतील कार्य एका सूत्रात ओवून पाहावयाचे असेल, तर मालवाहू विमानांचाच माग काढावा लागतो. युद्ध थांबले की लढाऊ वैमानिकाच्या वाट्याला बहुतांशी सराव आणि पहारा येतो. मालवाहू विमानास मात्र त्याच खिंडींवरून, त्याच ढगांतून जाणे भाग असते.

या विमानदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळील ड्रिग रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्यापाशी अवघी चार वापिटी विमाने होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते कसोटीस उतरले. पण स्वतंत्र देशाचे विमानदल या नात्याने त्याची खरी परीक्षा व्हायची होती ती काश्मीरमध्ये.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी सकाळी दिल्लीहून निघालेल्या डाकोटा विमानांनी शीख पलटणीच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरला उतरविले. टोळीवाले तेव्हा बारामुल्लापर्यंत येऊन ठेपले होते. श्रीनगरची धावपट्टी मातीची, लहान विमानांपुरतीच बांधलेली. विमान उतरावे, धुळीचा लोट उठावा आणि मागून येणाऱ्या वैमानिकाने तो खाली बसण्याची वाट पाहावी, असा प्रकार होता. खाजगी कंपन्यांची प्रवासी विमानेही या कामी जुंपली गेली होती. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय हे त्याच दिवशी धारातीर्थी पडले; परंतु विमानतळ हातचा गेला नाही, आणि काश्मीरचे खोरे वाचले ते त्यामुळेच.

पूंछचा प्रसंग याहूनही बिकट होता. शहरास वेढा पडलेला, आत लष्कराची शिबंदी आणि सहस्रावधी निर्वासित, आणि जमिनीवरील सर्व वाटा बंद. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांनी सैनिक आणि निर्वासित यांच्या श्रमांतून तेथे एक आखूड धावपट्टी तयार करविली. तिच्यावर पहिली डाकोटा उतरविली ती एअर कमोडोर मेहर सिंग यांनी, डिसेंबर १९४७ मध्ये. जाताना तोफा, दारूगोळा व धान्य. परतताना जखमी आणि निर्वासित. येथे युद्धकार्य कोठे संपले आणि मदतकार्य कोठे सुरू झाले, हे सांगता येणार नाही. एकाच फेरीत दोन्ही साधली जात होती. वेढा उठला तो नोव्हेंबर १९४८ मध्ये.

मेहर सिंग यांचे सर्वांत धाडसी उड्डाण लेहचे. २४ मे १९४८ रोजी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन त्यांनी झोजीला व फोटूला या खिंडींवरून विमान नेले. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने लेहला सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर धावपट्टी सिद्ध करून ठेवली होती. डाकोटा हे विमान अशा उंचीकरिता घडविलेले नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या धाडसाची कल्पना येते. मराठी वाचकास हेही ठाऊक असावे की, याच मोहिमेतील कामगिरीबद्दल महावीर चक्राने गौरविले गेलेले हृषीकेश मुळगावकर पुढे १९७६ ते १९७८ या काळात विमानदलाचे प्रमुख होते.

१९६२ च्या चीनयुद्धात लढाऊ विमाने वापरलीच गेली नाहीत. हा निर्णय योग्य होता की नाही, यावर अद्यापि वाद चालतो. मालवाहू विमानांना मात्र उसंत नव्हती. अँटोनोव्ह-१२ विमानांनी चुशूलच्या धावपट्टीवर रणगाडे उतरविले. युद्ध थांबल्यानंतरही सीमेवरील ठाण्यांना पीठ, मीठ, रॉकेल हवेतूनच पोहोचत राहिले.

हे कार्य केवळ हिमालयापुरते नाही. दुर्ग-भिलाईच्या दक्षिणेस बस्तरचे अरण्य आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये तेथून मतदान कर्मचाऱ्यांना परत आणणाऱ्या विमानदलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. त्यात हेलिकॉप्टरवरील फ्लाइट इंजिनिअर मृत्युमुखी पडला. वैमानिकांनी हेलिकॉप्टर मात्र माघारी आणले. २५ जून २०१३ रोजी केदारनाथच्या प्रलयात मदतीस गेलेले एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून वीस जण दगावले. यांपैकी एकही प्रसंग युद्धाच्या खाती मांडला जात नाही.

७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले एक अँटोनोव्ह-१२ खराब हवेमुळे अर्ध्या वाटेतून परत फिरले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्यात १०२ जण होते. तो काळ शांततेचा होता, फेरी नित्याची होती. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, गिर्यारोहकांना लाहौलच्या हिमनदीत त्याचे अवशेष आढळले. त्यानंतर लष्कराच्या शोधपथकांनी पुनःपुन्हा तो बर्फ पालथा घातला. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार देह हाती लागले व ते घरच्यांच्या स्वाधीन करण्यात आले. उरलेल्यांपैकी बहुतेक अद्याप त्या बर्फातच आहेत.