मूत्रपिंडातील मेदाचे मोजमाप

मटणाच्या दुकानात बकऱ्याचे गुर्दे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना मूत्रपिंड आणि चरबी यांचे सान्निध्य वेगळे सांगावयास नको. माणसाचे मूत्रपिंडही अशाच पांढऱ्या गादीत बसविलेले असते. ही गादी रोग नव्हे. ती धक्क्यापासून रक्षण करते. परंतु मेद आणखी दोन ठिकाणी साठतो : रक्तवाहिन्या जेथून आत शिरतात त्या पोकळीत, आणि प्रत्यक्ष रक्त गाळणाऱ्या ऊतीत.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीत पोकळीतला मेद सी.टी. स्कॅनने मोजण्यात आला. असा मेद अधिक असणाऱ्यांत उच्च रक्तदाब व जीर्ण मूत्रपिंडविकार अधिक आढळतात, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. यावरून मेदामुळेच विकार होतो असे मात्र सिद्ध होत नाही. ऊतीतला मेद तर त्याहून अवघड. तो इतका थोडा असतो की सी.टी.त धड कळत नाही, आणि सुई खुपसून तुकडा काढावा, तर रक्तस्रावाचे भय.

येथे एम.आर.आय. उपयोगी पडते. शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रके चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात. पाण्यातील व मेदातील हायड्रोजनचा वेग किंचित निराळा, १.५ टेस्लाच्या यंत्रात हा फरक सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा. रिंगणात दोघे एकदम धावू लागले, एक जरा जलद, तर काही वेळाने ते समोरासमोरच्या टोकांना येतात आणि पुढे पुन्हा एकत्र. येथे समोरासमोर येण्यास सुमारे २.३ मिलिसेकंद लागतात, एकत्र येण्यास ४.६. एकत्र असता दोघांच्या संदेशांची बेरीज मिळते, विरुद्ध असता वजाबाकी. डिक्सन यांनी १९८४ साली मांडलेली युक्ती एवढीच.

समजा, बेरीज १०० आली व वजाबाकी ९४. मग पाणी ९७, मेद ३. शाळेतले गणित! पण खरी गोम पुढेच आहे. संदेश क्षणोक्षणी क्षीण होत असतो, आणि बेरीज नंतर मोजली जाते. तेवढ्यात १००चे ९८ झाले, तर मेद २ भरतो. एक तृतीयांश मेद हिशेबातून नाहीसा! यकृतात मेद २० टक्के असेल तर अशी चूक खपून जाते, मूत्रपिंडात ती सारा निष्कर्ष फिरवू शकते. म्हणून दोनांऐवजी अनेक वाचने घेऊन क्षीणतेचा हिशेब वेगळा करावा लागतो. शिवाय रोग्याने श्वास रोखून धरावयाचा, कारण श्वासाबरोबर मूत्रपिंड खालीवर सरकते आणि भोवतालची चरबी कडेच्या ठिपक्यांत मिसळते. मोजणारा म्हणूनच कडेपासून आत सरकून रेघ आखतो. ही रेघ हाताने आखली तर दोन माणसांची उत्तरे तंतोतंत जुळतीलच असे नाही, हेही ध्यानात घ्यावे.

एक सोय मोठी आहे. या पद्धतीत गॅडोलिनियमचे इंजेक्शन लागत नाही. त्याच्या काही जुन्या प्रकारांमुळे मूत्रपिंडे अगदी निकामी झालेल्या रोग्यांची कातडी दगडासारखी कठीण झाल्याचे २००६च्या सुमारास उघड झाले होते.

मूत्रपिंडाचे काम तीन महिन्यांहून अधिक काळ मंदावलेले राहिले, की विकार जीर्ण म्हणतात. रक्तातील क्रिएटिनिन बरेचदा निम्मी शक्ती गेल्यावरच वाढलेले दिसते. त्याआधी काही खूण सापडावी म्हणून हा खटाटोप. तूर्त तो मुख्यतः संशोधनापुरता आहे. दवाखान्यात डॉक्टर क्रिएटिनिन, लघवीतील आल्ब्युमिन आणि रक्तदाब हेच पाहतात.