ड्युटी घेण्याआधी, पोरी

ब्युरोतून पत्ता आला की लगेच पिशवी भरू नकोस. आधी विचार: पेशंट बाई की पुरुष, वजन किती, उठून बसतो का, घरात आणखी कोण राहतं, आणि रात्री मी कुठं झोपायचं. शेवटचा प्रश्न लाजून गिळू नकोस. चोवीस तासांच्या ड्युटीत झोपायला आडोसा नाही, बाथरूमला आतून कडी नाही, असं घर मी तुला घेऊ देणार नाही, पगार कितीही असो. आधीच्या मावशीनं काम का सोडलं तेही विचार. घरचे टाळाटाळ करत असतील तर वॉचमनशी बोल. कुठल्या घरात बाया टिकत नाहीत ते त्याला ठाऊक असतं.

काम लागण्याआधीच रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर. मूळ आधार कार्ड कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही. झेरॉक्स दे, तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिही. पहिल्या दिवशी उजेडी जा आणि सोबत कुणाला तरी ने. तुझ्या मागं माणसं आहेत हे त्या घराला दिसू दे.

एक वही कर. औषध किती वाजता दिलं, काय खाल्लं, संडास झाली का, कोण येऊन गेलं, सगळं तिच्यात. पेशंट आजी असतील तर पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगावरचे दागिने सुनेसमोर मोजून लिही नि तिची सही घे. कपाटाची किल्ली हातात धरायची नाही. आजींनी मायेनं शंभर रुपये दिले तरी घरच्यांना सांगून घे. स्मृतिभ्रंशात माणूस वस्तू स्वतःच कुठंतरी ठेवतो आणि चोरी झाली म्हणतो. तो आजारच तसा आहे, आजींवर रागावू नकोस. पण प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं तर एवढं ध्यानात ठेव: तुझी अंगझडती बाईनंच घ्यायची असते. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. फारच अपवाद असला तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते.

पाठ सांभाळ. या कामात बाया पाठीनं जातात, वयानं नाही. पेशंटला काखेत हात घालून ओढायचं नाही. लकवा झालेल्याचा खांदा त्यानं निखळू शकतो. आधी कुशीवर वळव, खाली दुमडलेली चादर सरकव, मग दोघींनी मिळून चादरीनंच वर घ्या, गुडघे वाकवून. भारी माणूस एकटीनं उचलायचा नाही, घरच्याला हाक मार. उभा पेशंट कोसळायला लागला तर झेलायला जाऊ नकोस. अंगाला टेकवून हळूच जमिनीवर बसू दे. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं आपलं काम नाही. कुणी 'एवढं टोचून दे' म्हणालं तर नर्स बोलवा म्हणायचं.

आता जे बोलायला जड जातं ते. अंघोळ घालताना म्हाताऱ्या पेशंटचा हात भलतीकडं गेला, तर मागं सर, कडक आवाजात नको म्हण, त्याच दिवशी घरच्यांना सांग आणि वहीत लिही. घरातल्या धडधाकट पुरुषानं तसं केलं तर विचार करत बसू नकोस. त्याच क्षणी बाहेर पड, सामान मागाहून आणता येईल. ११२ लाव. 'घरात घडलं, तक्रार कुठं करणार' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. २०१३चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक समिती असते, तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीनंच मदत करायची असते.

पुरावा हाताशी राहावा म्हणून वहीच्या पानांचे फोटो रोज संध्याकाळी मला पाठवत जा. वही त्यांच्या घरी राहील, फोटो आपल्याकडं.