पीएच.डी.नंतरची वाट : क्वांटम पदार्थ आणि अब्जांश विज्ञान

पीएच.डी. पदवी हाती आली म्हणजे संशोधकाचे शिक्षण संपले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्यानंतरची दोन-तीन वर्षे संशोधकाची खरी घडण करतात. या काळात तो मार्गदर्शकाने दिलेला विषय सोडून स्वतःचा प्रश्न निवडण्यास व तडीस नेण्यास शिकतो. क्वांटम पदार्थ आणि अब्जांश विज्ञान या शाखांत या टप्प्याचे महत्त्व विशेष आहे.

हे पदार्थ कोणते?

मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. इतक्या सूक्ष्म पातळीवर पदार्थाचे गुणधर्म पालटतात. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्राफाईटपासून एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केला. ग्राफीन या नावाने तो ओळखला जातो. या कार्यासाठी दोघांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्यांचे वर्तन पुंजयामिकीच्या नियमांखेरीज उलगडत नाही, ते क्वांटम पदार्थ होत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विन तापमानाला अतिसंवाहक होतो, म्हणजे विजेला कोणताही रोध करीत नाही, असे दाखवून दिले.

साधनांचा प्रश्न

इतके शीत तापमान निर्माण करणारी यंत्रणा प्रत्येक विद्यापीठात असणे शक्य नाही. म्हणून तरुण संशोधकालाच साधनांजवळ जावे लागते. पीएच.डी.नंतरची अधिछात्रवृत्ती हा त्यासाठीचा पूल आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ असा त्याचा कालावधी आहे. त्यातील चार केंद्रांपैकी क्वांटम पदार्थ व उपकरणे हा विषय दिल्लीच्या आयआयटीकडे, तर संवेदन व मापन हा विषय मुंबईच्या आयआयटीकडे सोपविण्यात आला आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र कार्य करीत आहे.

नियम आणि दक्षता

राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असते. वयोमर्यादा ३५ वर्षे असून महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. मान्यताप्राप्त संस्थेतील नियमित पदावरील मार्गदर्शकाची संमती आवश्यक असते. म्हणून प्रबंध पूर्ण होत असतानाच मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार सुरू करणे हिताचे ठरते.

मात्र ही कायम नोकरी नव्हे, याची जाणीव विद्यार्थ्यास व त्याच्या पालकांस आधीच असावी. घरची मिळकत तुटपुंजी असलेला हुशार विद्यार्थी अनेकदा येथेच वाट सोडतो. गुणवत्तेपेक्षा माहितीचा अभाव त्यास कारण असतो. या काळात दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते आणि पुढे अध्यापन, प्रयोगशाळा व उद्योग यांची दारे उघडतात, ही गोष्ट त्या घरापर्यंत वेळीच पोहोचणे अगत्याचे आहे. गावचा शिक्षक आणि पंचायत सदस्य हे काम जितक्या विश्वासाने करू शकतात, तितके ते एखाद्या परिपत्रकाने क्वचितच साधते.